क्वार्टरबॅकच्या नजरेने कोचिंग करणारा स्परिअर

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही गेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. स्टीव्ह स्परिअर त्यांतला एक. १९६६ साली तो फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पास फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू होता. ऑबर्नविरुद्ध २७-२७ अशी बरोबरी असताना शेवटी ४० यार्डांची किक त्याने स्वतः मारली आणि सामना जिंकून दिला. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफीही त्याच वर्षी मिळाली. १९९० मध्ये तो त्याच विद्यापीठात हेड कोच म्हणून परतला.

त्याचं कोचिंग समजून घ्यायचं तर १९९६ चा मोसम बघावा. ३० नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाने फ्लोरिडाला २४-२१ असं हरवलं. क्वार्टरबॅक डॅनी वर्फेलने त्या दिवशी इतका मार खाल्ला की पास सुटून गेल्यावरही त्याला धडका दिल्या जातात, अशी तक्रार स्परिअरने जाहीरपणे केली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. २ जानेवारी १९९७ ला शुगर बाउल या मोसमाअखेरच्या सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला, तेव्हा त्याने वर्फेलची उभं राहायची जागाच बदलली.

एरवी वर्फेल सेंटरला (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूला) चिकटून उभा राहायचा, चेंडू थेट हातात घ्यायचा आणि मग पाच-सात पावलं मागे जायचा. ती पावलं पडेपर्यंत बचावपटू लाइन फोडून अंगावर यायचे. म्हणून स्परिअरने त्याला ‘शॉटगन’ या मांडणीत उभं केलं. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक आधीच सुमारे पाच यार्ड मागे उभा असतो. पावलं वाचतात आणि समोरचं अख्खं मैदान दिसतं. यात तोटेही आहेत. स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, हवेतून येतो, त्यामुळे क्षणभर नजर बचावावरून काढून चेंडूवर न्यावी लागते. स्नॅप उंच गेला किंवा घसरला की ती चाल तिथेच संपते. स्परिअरने हा धोका पत्करला, कारण टाइमिंगवर चालणाऱ्या त्याच्या पासिंगला वेळच हवा होता.

निकाल ५२-२०, आणि फ्लोरिडाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. वर्फेलचे ३०६ यार्ड, तीन टचडाउन पास, तिन्ही आइक हिलियर्डला. त्यातल्या एका पासवर हिलियर्ड झेल घेऊन जागच्या जागी थांबला, अंगावर आलेले बचावपटू वेगात पुढे निघून गेले आणि तो सरळ एंड झोनमध्ये, म्हणजे टचडाउनचे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, शिरला. तो पास जरूर बघा.

पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये वॉशिंग्टनचा कोच म्हणून दोन मोसमांत १२ विजय, २० पराभव. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही.

मला त्याची सर्वांत धाडसी कल्पना वाटते ती त्याआधीची, फ्लोरिडातल्याच नोव्हेंबर १९९७ ची. तोवर अपराजित असलेल्या फ्लोरिडा स्टेटविरुद्ध त्याने डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडीस या दोन क्वार्टरबॅकना आलटून-पालटून मैदानात धाडलं. एक खेळत असताना दुसरा कोचशेजारी उभा राहून बचावाची मांडणी बघायचा, पुढची चाल तोंडी ऐकायचा आणि तीच घेऊन आत जायचा. यात लय बिघडायची भीती मोठी, कारण कुणाचाच जम बसत नाही. फ्लोरिडा ३२-२९ ने जिंकलं. तेव्हा कोचला चाल थेट खेळाडूच्या कानात सांगता येत नव्हती; हेल्मेटमधून कोचचा आवाज ऐकण्याची मुभा कॉलेज फुटबॉलला मिळाली २०२४ मध्ये.