फुल थ्रॉटलला इंजिन का बसत होतं: चोर पाइपच्या पोटात सापडला

अखेर सापडलं! होडीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं) इंजिन फुल थ्रॉटलला बसायचं. मागच्या नोंदीपासून डोकं खाणाऱ्या त्या दुखण्याचं मूळ ना कार्ब्युरेटरमध्ये होतं, ना फ्युएल पंपात, ना प्लगमध्ये. डेकखालून टाकीपासून फिल्टरपर्यंत येणारा जेमतेम दोन मीटरचा पेट्रोलचा पाइप, बाहेरून काळाभोर, गुळगुळीत, एकही चीर नाही, तोच सगळा घोळ घालत होता.

लक्षणं पुन्हा एकदा, कारण पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात उतरवलेल्या बऱ्याच जणांना ती ओळखीची वाटतील. इंजिन थंड असताना पहिल्या-दुसऱ्या दोरीत सुरू. आयडलला स्थिर. तीन हजार आरपीएमपर्यंत तक्रार नाही. थ्रॉटल पूर्ण दिला की होडी प्लेनवर येते (पाण्यावर उचलली जाऊन सरकत पळते), अर्धा-पाऊण मिनिट झकास पळते, मग आवाज बसतो, आरपीएम घसरतात आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलली जाते. प्रायमर बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा, हाताने दाबला की पुन्हा मिनिटभर जोर. ज्यांची होडी वर्सोवा-मढच्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडते त्यांना हे किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. ओहोटीचं पाणी बाहेर येत असतं, समोरून लाट येत असते, आणि तिथेच इंजिनाने मान टाकली तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

बल्ब दाबल्यावर जोर येतो, म्हणजे इग्निशन ठीक आहे आणि पेट्रोल कमी पडतंय. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढची खूण जास्त महत्त्वाची: इंजिन बसत असताना बल्ब हातात धरून पाहिला तर तो चपटा झालेला होता. बल्ब चपटा होतो तेव्हा अडथळा बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असतो. बल्ब मऊ राहतो आणि कितीही दाबला तरी कडक होत नाही, तेव्हा कुठेतरी हवा शिरत असते किंवा बल्बचे व्हॉल्व्ह गेलेले असतात. हा फरक लक्षात ठेवला तर कार्ब्युरेटर उगाच खोलायची वेळ येत नाही. धक्क्यावर मात्र पहिला सल्ला कायम ‘कार्ब साफ कर’ हाच मिळतो.

टाकीच्या बाजूला संशयित पाच: टाकीचा व्हेंट (हवेचं छिद्र), आतल्या पिकअप नळीची जाळी, अँटी-सायफन व्हॉल्व्ह, पाइप आणि फिल्टर. व्हेंट तपासायचा सोपा मार्ग म्हणजे टाकीचं झाकण सैल करून पळवणं. काही फरक पडला नाही. पिकअप बाहेर काढून पाहिला, जाळी स्वच्छ. दहा मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर फिल्टर नवा टाकला, तरीही इंजिन तसंच बसलं. पण जुना फिल्टर पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा केल्यावर पेट्रोलच्या तळाशी बारीक काळे कण दिसले. चुरगळले की बोटाला काळं लागतं, म्हणजे रबर. फिल्टरमध्ये रबर आलं तर ते फिल्टरच्या आधीच्या पाइपातूनच येणार.

तरी पाइप संशयातून सुटत होता, याचं कारण तोंडाने फुंकायची चाचणी. पाइप काढला, एका टोकाने फुंकर मारली, दुसऱ्या टोकाने हवा मोकळी आली, पाइप पास. ही चाचणी इथे कुचकामी आहे. फुंकताना आतला दाब पाइपाच्या आतल्या अस्तराला भिंतीवर चिकटवून ठेवतो. इंजिन मात्र पाइपात फुंकत नाही, ते ओढतं. ओढताना सुटलेलं अस्तर आत कोसळतं आणि वाट बंद करतं. आयडलला ओढ कमी, म्हणून अस्तर जागेवर. फुल थ्रॉटलला ओढ वाढली की पडदा पडतो.

छडा लावला तो व्हॅक्युम गेजने. फिशफाइंडरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला एक छोटा भाग या गेजवर गेला आणि प्रत्येक रुपया वसूल झाला. पाऱ्याच्या इंचांत वाचणारा साधा गेज, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन हात पारदर्शक नळी एवढंच लागतं. टी इंजिनाच्या पेट्रोल कनेक्टरच्या आधी लावून होडी पाण्यात, भार घेऊन पळवायची. किनाऱ्यावर नळाचं पाणी देणारे मफ लावून ही चाचणी होत नाही, कारण भाराशिवाय इंजिन तेवढं पेट्रोल ओढतच नाही. फुल थ्रॉटलला साधारण चार इंचांच्या आत वाचन हवं. इथे सात. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत, म्हणजे हवेची गळती बाद. मग टी एकेक टप्पा मागे. बल्ब आणि फिल्टरच्या मध्ये साडेसहा. फिल्टरच्या आधी सहा. टाकीच्या तोंडाशी, अँटी-सायफन व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, फक्त एक. एक आणि सहाच्या मध्ये तोच दोन मीटरचा पाइप.

तो कटरने लांबीत उभा चिरला. टाकीकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर आतलं अस्तर सापाच्या कातीसारखं सुटून आलं होतं, एका बाजूने चिकटलेलं, दुसऱ्या बाजूने मोकळं. बोटाने उचललं की अख्खं भोक झाकलं जात होतं. उरलेल्या भागात अस्तर फुगून मऊ पडलेलं, नखाने खरवडलं की निघतंय. हे पाहिल्यावर जो आनंद झाला तो पहिल्या रावसाच्या तोडीचा होता.

अँटी-सायफन व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वाचन जास्त दिसलं की ‘त्यातला बॉल काढून टाक’ असं सांगणारे भेटतात. काढू नका. डेकखालचा पाइप फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप होडीच्या पोटात उतरू नये म्हणूनच तो बसवलेला असतो. अडकत असेल तर बदला.

आता कारण. पाइप स्वस्तातला होता आणि ज्या दुकानाने तो ‘मरीन’ म्हणून दिला त्यांच्याकडे पुन्हा जाणं नाही. पाइपावर काहीही छापलेलं नव्हतं, तीच खूण होती. पण नुसता पाइप दोषी नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दहा टक्क्यांची असते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, फायबरच्या जुन्या टाक्यांचं रेझिन सोडवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात होडी ताडपत्रीखाली, टाकी अर्धी भरलेली, व्हेंट उघडा: दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते, रात्री थंड होते, दमट हवा आत येते. पाणी ठरावीक प्रमाणापर्यंत इथेनॉलमध्ये विरघळून राहतं, त्यापुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पिकअप नळीचं तोंडही तळाशीच.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. आपलं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, ५०:१, म्हणजे २५ लिटरला ५०० मिली. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. इंजिनाने तळाचा थर ओढला तर त्याला वंगणच मिळत नाही. पेट्रोल कमी पडतंय म्हणजे ऑइलही कमी पडतंय, त्यामुळे इंजिन बसायला लागलं की बल्ब दाबत दाबत फुल थ्रॉटलवर घर गाठायचं नाही. थ्रॉटल कमी करून संथ यायचं. इथे दोन्ही प्लग काढून पाहिले: वरच्याचा रंग पांढुरका (पेट्रोल कमी पडल्याची खूण), खालचा तपकिरी. कॉम्प्रेशन ११८ आणि १२० पीएसआय, त्यामुळे जीव भांड्यात पडला. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला असता तर ही नोंद वेगळी झाली असती.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी पाहता येतं. १०० मिलीच्या खुणांच्या काचेच्या नळकांड्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, ऑइल न मिसळलेलं. बूच लावून हलवा, बूच जरा सैल करून वाफ जाऊ द्या, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास चढला तर वीस टक्के. १९ च्या आसपास असेल तर दहा टक्के. मोकळ्या हवेत करा, जवळपास आग नको.

नवा पाइप ३/८ इंची, ‘आयएसओ ७८४० ए१’ छापलेला. तो महाग पडतो आणि सरळ मिळत नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर क्लॅम्प, निपल, हत्यारं उत्तम मिळतात, पण तिथला जाळीचा पारदर्शक पीव्हीसी पाइप पेट्रोलसाठी घेऊ नका, विकणारा काहीही सांगो. क्लॅम्प घेताना खिशात लोहचुंबक ठेवा: पट्टी स्टेनलेस असते पण स्क्रू बऱ्याचदा चुंबकाला चिकटतो, आणि खाऱ्या पाण्यात आधी तोच गंजतो. पेट्रोलच्या आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. इथेनॉल चालणारी सीलंट पेस्ट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. बल्बही बदलला, मूळ कंपनीचा. भरताना बल्ब उभा धरायचा, बाण वर आणि इंजिनाकडे.

त्यानंतरचं वाचन: फुल थ्रॉटलला दोन इंच. ५२०० आरपीएम, दोन माणसं आणि भरलेला आइस बॉक्स घेऊन २२ नॉट्स, आणि मढपासून मार्वेच्या बाजूला जाऊन परत येईपर्यंत काटा हलला नाही. बल्ब टणक.

बेत असा होता की आता डेकला सहा इंची इन्स्पेक्शन प्लेट बसवायची, ६० लिटरची टाकी आतून पुसून घ्यायची आणि पारदर्शक बाऊलचा फिल्टर ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या फळीच्या) आत लावायचा. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की डेकखालची टाकी कायमची रिकामीच का ठेवू नये? २५ लिटरच्या दोन सुट्या टाक्या पुरतात. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला १५ लिटरच्या वर पितं, तेव्हा एकतृतीयांश जायला, एकतृतीयांश यायला, एकतृतीयांश राखीव हा हिशेब धरूनही जवळच्या खडकांसाठी ५० लिटर भरपूर. मिक्स त्या दिवसापुरतं करायचं, उरलेलं त्याच आठवड्यात संपवायचं. टाकी होडीबाहेर काढून, जमिनीवर ठेवून भरता येते, म्हणजे स्थिर विजेचा धोकाही कमी होतो. अडचण वजनाची: दोन्ही टाक्या मागे ठेवल्या तर होडी मागे बसते आणि प्लेनवर यायला वेळ घेते. एक मधल्या बाकाखाली पट्ट्याने बांधून पाहायची. इन्स्पेक्शन प्लेट तूर्त रद्द, फिल्टर मात्र लागणारच.

इंजिन ठीक झालं म्हणून थोडं गरवणंही झालं. अष्टमीचा भांग (भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस) होता, पाणी बऱ्यापैकी निवळ. उधाणाच्या गढूळ पाण्यात लुअर (नकली आमिष) टाकून हात दुखवण्यापेक्षा हे दिवस धरा. खडपाच्या कडेला ४० ग्रॅमच्या जिगवर एक हेकरू, भरतीच्या शेवटच्या तासाला कोळंबीवर तीन करकरे. ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), ६० पौंडी लीडर, ५/० सर्कल हुक. नांगराची साखळी दांड्याच्या कडीऐवजी बुडाला बांधून, दांड्याशी फक्त एक प्लॅस्टिकचा टाय ठेवला होता. नांगर खडकात अडकला, जोर दिल्यावर टाय तुटला आणि तो उलटा सुटून आला.

प्रोपेलर काढल्यावर शाफ्टभोवती मागच्या भागात ब्रेडचे वेढे सापडले. ब्रेड बारीक आणि चिवट, ती शाफ्टचं सील कापते. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. इथे अजून स्वच्छ आहे, पण सीलच्या कडेला रेघ उमटली आहे. म्हणून पुढच्या उधाणाच्या दिवसांत, होडी वर असताना, दोन्ही सील बदलायचे, त्याबरोबर इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चक्र). खाडीच्या गाळाने त्याची पाती नेहमीच लवकर झिजतात. सील किटमध्ये दोन येतात आणि कुठलं कोणत्या बाजूला तोंड करून बसवायचं यात गोंधळ होतो. जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवा.