सत्तरीच्या रानात, खवले मांजराच्या मागावर

डिचोली, साखळी, होंडा मागे टाकून वाळपईच्या रस्त्याला लागलं की समुद्राचा गोवा संपतो आणि डोंगराचा सुरू होतो. खाणींचे लाल ढिगारे सरतात, काजूच्या बागा लागतात आणि मग दोन्ही बाजूंनी रान अंगावर येतं. हा सत्तरी तालुका. 1999 साली जाहीर झालेलं, 208 चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य याच भागातलं. बहुतेक लोक इथे पावसाळ्यात धबधबे बघायला येतात. मी गेले ती थंडी सरताना, आणि डोक्यात एकच जनावर होतं: खवले मांजर.

ते दिसेलच अशी आशा धरून कुणी इथे येऊ नये. निशाचर, एकलकोंडं, दिवसभर बिळात झोपणारं हे जनावर. रानाच्या कडेला जन्म काढलेल्यांनाही क्वचितच दिसतं. मला त्याच्या खुणा बघायच्या होत्या. ओळखीतून एक काका भेटले, गावातले, काजूची बाग सांभाळणारे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाच्याच रानात, सकाळी त्यांच्या मागून निघाले.

पहिली खूण मिळाली ती एका रोयणीवर. रोयण म्हणजे वारूळ. ही कमरेएवढी उंच होती आणि बुडाशी एका बाजूने फोडलेली. कडक मातीवर शेजारी शेजारी खोल ओरखडे होते. खवले मांजराच्या पुढच्या पायांना पाच बोटं, पण मधल्या तिघांची नखं लांब, जाड, खणायला घडवलेली. मी उकिडवी बसून आत पाहिलं. भगदाडाच्या कडेला वाळवीचे सैनिक डोकी बाहेर काढून उभे होते आणि त्यांच्या आडून कामकरी ओल्या मातीचा एकेक कण आणून कडेला चिकटवत होते. कडेची माती अजून गडद, ओलसर दिसत होती.

"कालच्या रात्रीचं आहे," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "रोयण माणसानं फोडायची नाही. सातेरी आहे ती. जनावराचं वेगळं, ते देवीच्याच घरचं."

गोव्यातल्या कितीतरी गावांत सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. ज्या मातीपुढे माणूस हात जोडतो, तिच्यावरच या जनावराचं पोट चालतं, हे त्या रोयणीपाशी बसून फार जवळून कळलं.

खवले मांजराला दात नसतात. एकही नाही. जबडा चावण्याच्या कामाचाच नाही. लांब, चिकट जीभ भोकात जायची आणि वाळवी घेऊन परत यायची, एवढंच तोंडाचं काम. ही जीभ इतकी लांब, की तिचं मूळ घशात नसून पार छातीच्या मागे, बरगड्या संपतात तिथवर गेलेलं असतं. चावायचं काम जठर करतं: गिळलेली वाळू आणि खडे तिथे अन्न रगडतात. मुंग्या चावायला आल्या तर हे जनावर नाक-कान मिटून घेतं. अंगावर कौलारू घराच्या छपरासारखे एकावर एक चढलेले खवले. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे. असे खरे खवले दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याला नाहीत.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला मुंगीखाऊ आठवा. त्यालाही दात नाहीत, जीभ तशीच, नख्या तशाच. मोठा मुंगीखाऊ शेपटीसकट दोन मीटरपर्यंत भरतो, जीभ सुमारे 60 सेंटिमीटर, आणि मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर होते. एका वारुळापाशी तो मिनिटभरच थांबतो, सैनिक मुंग्या उसळून आल्या की पुढच्या वारुळाकडे. नख्या झिजू नयेत म्हणून बोटं मुडपून चालतो. इतकं साम्य बघून कुणीही म्हणेल की हे सख्खे भाऊ. पण मुंगीखाऊचे नातलग स्लॉथ आणि आर्माडिलो. खवले मांजराचे सर्वांत जवळचे नातलग मांजर, कुत्रा, अस्वल यांच्या गटातले. आफ्रिकेतला आर्डवार्क तर तिसऱ्याच घराण्यातला. मुंगी-वाळवीवर जगायचं ठरलं की कुठल्याही कुळातलं जनावर हळूहळू याच घडणीकडे झुकतं. मला यात सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

सत्तरीत याचं आणखी एक उदाहरण आहे. पुढे एका रोयणीचा वरचा भागच उडवलेला दिसला, माती लांबवर फेकलेली. "हे अस्वलाचं," काका म्हणाले. आपल्या अस्वलाला दात आहेत, पण वरच्या दातांतले मधले दोन नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज बऱ्याच लांबवर जातो.

घाबरलं की खवले मांजर पळत नाही. पोट, तोंड आत घेऊन घट्ट गोळा होतं. पिल्लू असलं तर तेही आईच्या पोटाशी. त्या गोळ्यापुढे बिबट्यानेही हात टेकावेत. पण माणसाला काय लागतं? वाकून उचलायचं आणि पोत्यात टाकायचं. ज्या युक्तीवर हा प्राणी लाखो वर्षं तगला, तीच त्याला संपवते आहे. खवल्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी जगभर त्याची तस्करी चालते. नखं कुरतडून कुणी बरं होत नाही! 2016 साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, शिकारीला तुरुंग आहे. रस्त्यात असा गोळा दिसला तर उलगडायला जाऊ नका, घरी तर मुळीच नेऊ नका, पिंजऱ्यात ते फार टिकत नाही. वन खात्याला कळवा आणि गर्दी पांगवा.

परतताना बागेतल्या मांडवात कोकमचं पाणी पिताना मी काकांना डुगव्याची गोष्ट सांगितली. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव. तिथे 2020 साली, फेब्रुवारीतल्या जागतिक खवले मांजर दिनी, या जनावराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी खवलोत्सव केला. काका सरसावून बसले.

"पालखी? नाचवली पण?"

"हो, नाचवली."

"फेब्रुवारीत म्हणजे आमच्या शिमग्याच्या आधी," ते हिशेब करत म्हणाले. "आमच्या गावात विषय काढून बघतो. पोरं तयार होतील."