दुबईच्या मालाचं ओरिजिन सर्टिफिकेट: माझा अनुभव

सोलापुरात आमचा टेरी, म्हणजे अंगावर सुताचे फासे उभे असलेल्या, टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दुबईचा व्यापारी जुना. तिथे टॉवेलवर ५ टक्के आयात ड्यूटी लागायची. १ मे २०२२ ला भारत आणि यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) यांच्यातला व्यापार करार लागू झाला, ड्यूटी शून्यावर आली आणि आम्ही निर्धास्त झालो. पण व्यापाऱ्याने फोनवरच बजावलं, ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल भारतात बनल्याचा दाखला, आलं नाही तर ड्यूटीचे पैसे तुमच्या बिलातून कापीन. वीस लाखांच्या मालावर एक लाख! त्या खेपेचा सगळा नफा तेवढाच होता.

डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, पोर्टलवर अर्ज भरला. आयईसी (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), डिजिटल सही हे पटकन झालं. अडलं ते खर्चपत्रकावर. माल भारतातच घडला हे दाखवायचं, तर सूत कुठलं, रंग कुठला, त्यात परदेशी किती, सगळं बिलांसकट हवं. आमचं निम्मं सूत स्थानिक व्यापाऱ्याकडून पोत्यापोत्याने घेतलेलं. गिरणीचं बिल कुठून आणणार? चार दिवस मी त्या व्यापाऱ्याच्या गादीवर बसून जुन्या वह्या चाळल्या.

मग अर्जावर शंका आली: टॉवेलसोबतचे नॅपकिन टेरी आहेत का? नमुना घेऊन दिव्याखाली धरला. टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे फासे उभे होते, नॅपकिनला नुसती चौकड्यांची वीण. फासे नाहीतच. मी मात्र सगळ्या मालाला ६३०२६० हा सुती टेरीचा कस्टम्सचा वर्गीकरण कोड लावला होता. बिनटेरी सुती नॅपकिन ६३०२९१ मध्ये जातात. चूक माझीच. इन्व्हॉइस बदललं, शिपिंग बिलातली, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदातली, दुरुस्ती एजंटाने करून घेतली. न्हावाशेवाहून दुबईचं जबेल अली बंदर फार लांब नाही. जहाज पोचायच्या आदल्या संध्याकाळी सर्टिफिकेट हातात आलं.

या कराराच्या अंमलबजावणीचा आढावा दोन्ही देशांची संयुक्त समिती घेते. पुढे निर्यातदारांच्या बैठकीत याच कराराबद्दलच्या अडचणी लिहून मागितल्या. बाकीचे दरांवर बोलले. मी लिहून दिलं: दर शून्यच आहे, पण पोत्याने सूत घेणाऱ्या विणकराला तो कागद झेपत नाही. त्याच जातीच्या टॉवेलला दर खेपेला नवं खर्चपत्रक मागू नका. मोठ्या गिरणीला हे सोपं जातं, लहान माणूस याच पायरीवर थांबतो, हे मला मनापासून वाटतं.

आता टेरी आणि बिनटेरीचे गठ्ठे वेगळे बांधतो, प्रत्येकावर कोडची चिठ्ठी शिवतो. शिलाई खात्यातल्या अक्कांना दोन्ही कोड तोंडपाठ झालेत.