खुल्या ज्ञानाचा कारभार आणि सीमाभागातील आपण

विकिपीडियावरचा लेख कोणीही वाचावा आणि कोणीही सुधारावा, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या लेखांमागे उभ्या असलेल्या यंत्रणेत निर्णय कोण घेते, पैसा कोठे खर्च करायचा हे कोण ठरवते आणि कोणते तांत्रिक काम आधी हाती घ्यायचे याचा क्रम कोण लावते, याविषयी मात्र मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. मी बेळगावात राहते, मराठी विकिपीडियावर नियमित लिहिते, आणि खानापूर तालुक्यातील गावांविषयीचे लेख सुधारणे हे माझ्या आवडीचे काम आहे. ते करता करता माझी अशी खात्री झाली आहे की, ज्ञान सर्वांना खुले असणे आणि त्या ज्ञानाच्या कारभारात सर्वांना वाटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांतील दुसरी अजून व्हायची आहे.

सीमाभागातील मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हाच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०क आणि ३५०ख हे अनुच्छेद घातले गेले. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली, तर दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याबरोबर असेही ठरले की, ज्या तालुक्यात वा नगरपालिकेच्या हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. नियम इतका स्पष्ट असूनही मराठीतून परिपत्रके मिळावीत यासाठी बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडील लोकांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागली आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या गुणदोषांत मी येथे शिरणार नाही. परंतु हक्क कागदावर असणे आणि निर्णय होत असताना त्याचा मसुदा आपल्या भाषेत आपल्या हातात असणे यांत किती अंतर असते, हे येथील माणूस रोजच्या व्यवहारातून शिकलेला आहे.

विकिपीडिया आणि त्याचे भावंड-प्रकल्प चालवणाऱ्या विकिमीडिया चळवळीत नेमके हेच अंतर २०२४ च्या जुलै महिन्यात ठळकपणे समोर आले. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, त्याचा तांत्रिक आणि आर्थिक भार वाहणारे विकिमीडिया फाउंडेशन २००३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी १ मे रोजी मराठी विकिपीडियाचीही सुरुवात झाली. सर्व्हर, ट्रेडमार्क, वाचकांच्या देणग्यांतून जमणारा पैसा आणि पगारी अभियंते हे सारे सॅन फ्रान्सिस्कोतील फाउंडेशनकडे, तर लिहिणारे स्वयंसेवक तीनशेहून अधिक भाषांत विखुरलेले, अशी ही रचना आहे. २०१७ मध्ये चळवळीने २०३० पर्यंतची आपली दिशा ठरवली, तेव्हा सत्तेच्या आणि विशेषाधिकाराच्या रचनांमुळे जे समाज आजवर बाहेर राहिले त्यांना ज्ञाननिर्मितीत स्थान मिळवून देणे हे एक प्रमुख उद्दिष्ट मानले गेले. २०२० च्या शिफारशींत त्यासाठी, चळवळीत कोणाचे अधिकार आणि जबाबदाऱ्या कोणत्या हे लिहून ठेवणारी एक सनद आणि चळवळीतील प्रतिनिधींची एक जागतिक परिषद सुचवण्यात आली. २०२१ मध्ये सनदेचा मसुदा तयार करण्यासाठी पंधरा जणांची समिती बसली. आणि जवळपास तीन वर्षांच्या कामानंतर जून-जुलै २०२४ मध्ये त्यावर मतदान झाले. मत देणाऱ्या व्यक्तींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी आणि संलग्न संस्थांनीही, म्हणजे चळवळीतील मान्यताप्राप्त शाखा आणि गटांनीही, मोठ्या बहुमताने सनदेच्या बाजूने कौल दिला. तरीही फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मंजुरी नाकारली, आणि मंडळाची मंजुरी ही अट आधीपासूनच घातलेली असल्यामुळे सनद तेथेच थांबली.

मंडळाने पुढे केलेली कारणे निराधार नव्हती. जागतिक परिषदेवर किती खर्च होईल आणि तिच्यामुळे कारभार खरोखर न्याय्य होईल का, ही शंका मसुदा वाचताना माझ्याही मनात आली होती. माझा आक्षेप कारणांना नाही, रचनेला आहे. ज्याच्या हातातील अधिकार वाटून द्यायचे आहेत, त्याच्याच हाती अंतिम नकार ठेवल्यावर वाटणी होणार कशी? विश्वस्त मंडळात सोळा जागांची तरतूद आहे. त्यांपैकी आठ समुदाय आणि संलग्न संस्था मिळून निवडतात, सात मंडळ स्वतः नेमते आणि एक संस्थापक जिमी वेल्स यांची आहे. म्हणजे स्वयंसेवकांच्या बाजूने निवडून आलेले सगळे सदस्य एकत्र आले तरी त्यांचे बहुमत होत नाही. सनद नाकारल्यानंतर मंडळाने काही प्रायोगिक पावले उचलली, ज्यांत उत्पादने आणि तंत्रज्ञान यांविषयीची एक सल्लागार परिषद आहे. ते पाऊल मला स्वागतार्ह वाटते, पण सल्ला देण्याचा अधिकार आणि निर्णय घेण्याचा अधिकार यांची गल्लत मी होऊ देणार नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सनदेवर मत देणाऱ्या व्यक्ती जगभरात मिळून अवघ्या काही हजार होत्या, आणि हा निरुत्साह म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही. अशा मतदानाच्या सूचना मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सामाईक चर्चापानावर, येतात त्या बहुतेक वेळा इंग्रजीत येतात, त्यांखालची चर्चा मेटा-विकी या चळवळीच्या सामाईक संकेतस्थळावर चालते तीही मुख्यतः इंग्रजीत, आणि लांबलचक मसुद्याचे भाषांतर झालेच तर ते कोणा एका स्वयंसेवकाने रात्री जागून केलेले असते. खानापूरच्या मराठी शाळेतील एखादी शिक्षिका आपल्या गावच्या तळ्यावर सुरेख लेख लिहू शकते, परंतु त्याच शिक्षिकेने कायद्याच्या इंग्रजीतील मसुदा वाचून, त्यावर इंग्रजीत मत मांडून, मग मतदान करावे अशी अपेक्षा ठेवली, तर तिला बोलावलेच नव्हते असे म्हणायला हवे. भारतापुरते पाहिले तर विकिमीडिया इंडिया या राष्ट्रीय शाखेची मान्यता २०१९ मध्ये संपली आणि तेव्हापासून या देशाला अशी अधिकृत शाखा नाही. जे काम चालते ते लहान गटांच्या आणि मोजक्या संस्थांच्या बळावर. त्यांतील अनेक गट शहराभोवती किंवा प्रांताभोवती उभे राहतात, तर मराठीचा लेखक पुण्यात, बडोद्यात आणि बेळगावातही असतो. ज्ञानकोश भाषेप्रमाणे आणि संघटना नकाशाप्रमाणे, अशा या व्यवस्थेत सीमाभाग दोन्हीकडून कडेला पडतो.

आता तंत्रज्ञानाविषयी, कारण माझ्या मते सत्तेचा खरा प्रश्न तेथेच येतो. २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियाच्या समुदायाला छायाचित्रे दाखवण्याची एक नवी सुविधा नको होती. फाउंडेशनने ती रेटण्यासाठी प्रचालकांनाही, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या स्वयंसेवकांनाही, बदलता येणार नाही असे एक जादा संरक्षण बसवले. मोठा गदारोळ झाला आणि २०१५ मध्ये ते संरक्षण काढून टाकावे लागले. जर्मन समुदाय मोठा होता, त्याच्या पाठीशी सक्षम संस्था होती, म्हणून त्याचे ऐकले गेले. लहान भाषांची अडचण वेगळ्याच जातीची असते. त्यांच्यावर काही लादले जाते असे नाही, तर त्यांना जे हवे असते ते कोणाच्या यादीतच येत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, आणि तिच्याविषयी लिहिताना ‘खोऱ्यातील’ हा शब्द पदोपदी येतो. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे नोंदवण्याच्या जागतिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे उमटवता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. लेखाचे शीर्षक एका पद्धतीने टंकले असेल आणि दुवा दुसऱ्या पद्धतीने दिला असेल, तर लेख अस्तित्वात असूनही दुवा लाल राहतो, आणि नवा लेखक लेख नाही असे समजून तोच लेख पुन्हा लिहायला बसतो. संगणकाच्या कळफलकावर एक पद्धत, फोनवर दुसरी, जुन्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या मजकुरात दोन्हींची सरमिसळ, असा सगळा प्रकार आहे. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालणाऱ्या अभियंत्याच्या हे नजरेसही येत नाही. फाउंडेशनने २०१५ पासून समुदायाच्या तांत्रिक मागण्यांची यादी मागवून त्यावर मतदान घेण्याची चांगली प्रथा पाडली, परंतु मतांच्या संख्येवर क्रम लावला की हजारो संपादक असलेली भाषा आणि मोजकेच सक्रिय सदस्य असलेली भाषा यांना एकाच तराजूत घातले जाते. पुढे त्या पद्धतीत बदल झाले, तरी तिचा मूळ धडा विसरता येत नाही. साच्यांचेही, म्हणजे अनेक लेखांत पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार चौकटींचेही, तसेच आहे. लेखाच्या कडेला ठळक माहिती दाखवणाऱ्या माहितीचौकटीसारखा साचा इंग्रजी विकिपीडियावरून हाताने उतरवून घ्यावा लागतो, मूळ साचा बदलला की आपली प्रत मागे पडते, आणि तो दुरुस्त करू शकणारे जाणकार मराठीत फार थोडे आहेत. सर्व भाषांना सामाईक साचे मिळावेत ही मागणी खूप जुनी आहे.

याच तंत्रज्ञानात आम्हाला आशेची जागाही दिसते, आणि ती मी मनापासून नोंदवते. २०२३ मध्ये फाउंडेशनने मिंट नावाची भाषांतर-सेवा सुरू केली, जी खुल्या परवान्याची मॉडेले स्वतःच्या सर्व्हरवर चालवते. त्यांत मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत या गटाचे इंडिकट्रान्स२ हे मॉडेलही आहे, आणि त्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा येतात. कित्तूरची राणी चन्नम्मा, हलशीची कदंबकालीन मंदिरे, घटप्रभेवरचा गोकाक धबधबा अशा विषयांवर कन्नडमध्ये जे लिहिलेले आहे, ते मराठीत आणावे आणि आपले तिकडे न्यावे, हे काम बेळगावइतके चांगले कोठे होणार? येथे दोन्ही भाषा कानावर पडतच माणूस मोठा होतो. यंत्राची चूक वाचताक्षणी ओळखणारी माणसे येथे गल्लोगल्ली आहेत. भाषेवरून येथे जेवढी कटुता साचली आहे, तेवढेच एकमेकांच्या ज्ञानाविषयीचे अज्ञानही साचले आहे, आणि ते दूर करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

संदर्भांचा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही. ज्ञानकोशाला प्रत्येक विधानासाठी प्रसिद्ध आधार लागतो, आणि हा नियम योग्यच आहे, कारण तो नसेल तर सीमाभागासारख्या वादग्रस्त प्रदेशावरचे लेख दोन दिवसांत आखाडा बनतील. पण ज्यांच्याविषयी कोणी छापलेलेच नाही, त्यांचे काय? २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत यावर एक प्रयोग झाला : मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांच्या भाषकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ म्हणून उपयोग करण्यात आला, आणि हरियाणातील सुर्र नावाचा खेळ अशा रीतीने नोंदवला गेला. तो मार्ग सर्वमान्य झाला नाही. आमच्याकडे छापील आधार अगदीच नाहीत असे नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत लोक स्वतःच्या खर्चाने मराठी साहित्य संमेलने भरवतात, ग्रंथदिंडी निघते, आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात. अशा संमेलनांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकांत गावाचा इतिहास, जुन्या शाळेची हकीकत, तालमी, भजनी मंडळे, स्वातंत्र्यलढ्यात गेलेली माणसे असा मजकूर असतो. त्या स्मरणिकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, नसतो, त्या दुकानात मिळत नाहीत, आणि गावाबाहेरच्या संपादकाला त्यांची विश्वासार्हता तपासण्याचा मार्ग नसतो. त्यांचे मूल्य ठरवणारी चर्चा गाव माहीत असलेल्या माणसांना वगळून होऊ नये, एवढेच मागणे आहे.

हेच मागणे मराठी समुदायानेही स्वतःकडे करायला हवे, कारण मुंबई-पुण्याच्या दृष्टीने आम्ही कडेला असलो तरी आमच्याही कडेला कोणीतरी आहे. खानापूरच्या पश्चिमेला कोकणीचा कानोसा लागतो. गोव्याच्या कोकणी विकिपीडियाने २०१५ पासून देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांना एकाच घरात जागा दिली. लिपीवरून भांडून वेगळे होणे सोपे असताना त्यांनी जो मार्ग घेतला, त्यातून आपण पुष्कळ शिकू शकतो. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी आहे हे तर मी रोज पाहते.

आम्ही काही जणांनी येत्या हिवाळ्यासाठी दोन कामे ठरवली आहेत. पहिले काम असे की, कारभाराविषयीचा कोणताही मोठा प्रस्ताव मतदानाला येण्यापूर्वी त्याचा सारांश साध्या मराठीत करून चावडीवर ठेवायचा आणि त्यावर मराठीत आलेली मते इंग्रजीत करून मेटा-विकीवर पोहोचवायची. दुसरे काम स्मरणिकांचे. त्या स्कॅन करून मुक्त परवान्याखाली ठेवायच्या असतील तर केवळ संमेलन समितीची संमती पुरत नाही. लेखाचा स्वामित्वहक्क सामान्यतः ज्याच्या त्याच्या लेखकाकडे असतो आणि आपल्याकडील कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून प्रत्येक हयात लेखकाची, आणि जे गेले त्यांच्या वारसांची, लेखी संमती घ्यावी लागेल. संमतीपत्राचा मराठी मसुदा तयार आहे. आपल्या घरी, शाळेच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात अशा जुन्या स्मरणिका असतील, तर त्यांचे वर्ष आणि लेखकांची नावे लिहून ठेवण्यास आजच सुरुवात करावी, कारण वारसांचा शोध घ्यायलाच सर्वांत अधिक वेळ लागणार आहे.