१०४ ओळींची हेडर फाइल

गेल्या महिन्यात चाकणच्या एका क्लायंटचा फोन आला, पाच नंबरच्या चॅनेलचं टेम्परेचर मध्येच उडी मारतंय म्हणून. आठ चॅनेलचं एडीसी बोर्ड (सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणारं), लिनक्सवरचा ड्रायव्हर (बोर्डाशी बोलणारा प्रोग्रॅम) आमच्याच टीमचा, आत्तापर्यंत एकही तक्रार नाही. मग वायरिंग तपासलं, शील्ड तपासली, तापकीर गल्लीतून नवे कनेक्टर आणून बसवले, स्कोप लावून दोन दिवस तिथेच ठाण मांडलं. सिग्नल एकदम स्वच्छ आणि रीडिंग तरी उडतंच.

शनिवारी कोथरूडला घरी बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस, म्हणलं निदान ड्रायव्हरची ती हेडर फाइल (बोर्डाचे पत्ते आणि आकडे नावं देऊन लिहिलेली) तरी नीट करू, कधीपासून डोळ्यात खुपत होती. एका चॅनेलची तीन रजिस्टरं (चिपमधले सेटिंगचे कप्पे) म्हणजे तीन ऑफसेट (कप्प्यांचे पत्ते), आणि पाच फील्ड (कप्प्यातले बिटांचे गट), प्रत्येक फील्डचा एक मास्क (कोणते बिट) आणि एक शिफ्ट (किती घरं सरकवायचं). म्हणजे चॅनेलमागे १३ ओळी, आठ चॅनेलच्या १०४. जवळजवळ सगळ्या एकसारख्या, फक्त नावातला आकडा आणि पत्ता बदलतो. असं काही कोणी हाताने टाइप करत नाही, पहिला ठोकळा कॉपी करायचा, सात वेळा पेस्ट करायचा आणि आकडे बदलत जायचं. रिव्ह्यू करणाराही दुसऱ्या ठोकळ्यानंतर नुसतं स्क्रोल करतो, मी स्वतः केलंय.

खरं तर हार्डवेअरवाल्यांनी सगळं शिस्तीत मांडलेलं होतं. पहिलं चॅनेल, म्हणजे शून्य नंबरचं, हेक्स ४० ला (हेक्स म्हणजे १६ च्या पायाचे आकडे) सुरू होतं आणि पुढचं प्रत्येक चॅनेल हेक्स १० नी पुढे. मग आठ पत्ते लिहायचेच कशाला, बेस अधिक चॅनेल नंबर गुणिले अंतर, एवढा एक मॅक्रो (कंपाइल होताना जागेवर भरलं जाणारं, नाव दिलेलं सूत्र किंवा आकडा) पुरतो. फक्त मॅक्रोतल्या चॅनेल नंबरला कंस घालायला विसरू नका, नाहीतर कोणी आय अधिक १ पाठवलं की गुणाकार आधी होतो, फक्त त्या १ चा, आणि पत्ता भलतीकडेच जातो.

शिफ्टचे मॅक्रो तर सरळ उडवले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून बिटफील्ड.एच ही हेडर फाइल आहे, त्यातल्या फील्ड_प्रेप आणि फील्ड_गेटला नुसता मास्क द्यायचा, शिफ्ट ते मास्कवरूनच काढतात. आमचं गेन फील्ड (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बिट ४ ते ६, म्हणून मास्क जेनमास्क ६, ४ असा, डेटाशीटमध्ये छापलाय तसाच, मोठा बिट आधी. आणि तीन बिटांत ९ कोंबायला गेलात तर बिल्डच फुटतो. पण हे फक्त आकडा कोडमध्येच लिहिलेला असेल तर, सिसएफएसमधून (ड्रायव्हर चालू असताना सेटिंग बदलायच्या फाइली) आलेली व्हॅल्यू मोठी असेल तर वरचे बिट गुपचूप कापले जातात, तिथली रेंज आपणच तपासायची.

मॅक्रो बदलले, लॉजिकला हात लावला नाही. अशा वेळी माझी एक सवय आहे, जुनी आणि नवी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) ऑब्जडंपमधून, म्हणजे मशीन कोड वाचता येईल असा दाखवणाऱ्या टूलमधून, काढून डिफ मारायचा, दोन्हीतला फरक बघायचा. सगळे आकडे कंपाइल होतानाच ठरतात, त्यामुळे दोन्हीकडचं मशीन कोड सारखंच यायला हवं. पण एका फंक्शनमध्ये फरक दिसला, अॅडच्या इन्स्ट्रक्शनमध्ये आधी १४४ होते, आता १६०. १४४ म्हणजे हेक्स ९०, १६० म्हणजे हेक्स ए०. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. डेटाशीट उघडली तर सहा नंबरचं चॅनेल हेक्स ए० लाच आहे, आणि जुन्या हेडरमध्ये सहाच्या नावापुढे पाचचा पत्ता! ऑपरेटर सहाचा गेन बदलायचा आणि बदलायचा पाचचा. इतके दिवस कोणी सहा नंबर वापरतच नव्हतं, या क्लायंटने नवीन फर्नेससाठी पहिल्यांदा जोडला.

सोमवारी हिंजवडीला ऑफिसात टीममधल्या ज्युनियर मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "सर, मग अजून पुढे जाऊया ना, डबल हॅश लावून नावंच जोडून टाकू, सगळं एका ओळीत बसेल." डबल हॅश म्हणजे मॅक्रोत तुकडे जोडून नाव तयार करायची खूण. डोकं चांगलंय तिचं, पण मी नाही म्हणलं. "अगं, उद्या कोणी डेटाशीटमधलं रजिस्टरचं नाव घेऊन ग्रेप मारलं, म्हणजे सगळ्या कोडमध्ये ते नाव शोधलं, तर काहीच सापडणार नाही, ते नाव सलग कुठे लिहिलेलंच नसेल." ओळी वाचवायला शोधण्याची सोय घालवायची हे मला अजिबात पटत नाही. तिने लगेच स्वतः ग्रेप मारून बघितलं आणि मग कुठे तिला पटलं.

आता ऑफसेट तीन, मास्क पाच, बेस आणि अंतर मिळून दहा ओळी आहेत. आणि एक अकरावी, कारण शून्य नंबरच्या चॅनेलचं काउंटर १६ बिटांचं आहे, बाकी सगळ्यांचं १२. ते फॉर्म्युल्यात बसवायला मॅक्रोत अट घालता आली असती, पण घातली नाही. वेगळा मास्क हाताने लिहिला, आणि वर कॉमेंटमध्ये डेटाशीटचा पान नंबर टाकला.