पडद्याच्या मागून पाहिलेली जयश्री

आमच्या गल्लीत गणपतीत पडद्यावर पिक्चर दाखवायचे. कोल्हापूरपासून तासाभरावरचं गाव. रस्ता अडवून दोन बांबूंना पांढरा कपडा ताणायचा, समोर टेबलावर मशीन. मोठी माणसं पोती आणि चटया टाकून दिवेलागणीपासूनच जागा धरायची. आम्ही पोरं आरती करून, प्रसाद संपवून पोचायचो तोवर पुढं पाय ठेवायला जागा नसायची. मग पडद्याच्या मागं जाऊन बसायचो. कपड्यातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत, पण आवाज तोच आणि माणसंही तीच.

‘सांगत्ये ऐका’ मी पहिल्यांदा पाहिला तो असा, 1982 च्या गणपतीत, पडद्याच्या मागून. नाचायला उभ्या राहिलेल्या जयश्री गडकरांचा पदर मला उजव्या खांद्यावर दिसला. उजवा हात डावा झाला, डावी गिरकी उजवी झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. रीळ बदलेपर्यंत सगळी पोरं दंगा करत होती आणि मी अंधारात उभी राहून नुकतंच पाहिलेलं हातापायात बसवत होते. पुढं कितीतरी दिवस न्हाणीघराच्या दारात, आई रागावेपर्यंत, माझं तेच चाललेलं असायचं.

हे सगळं कामाला आलं ते शाळेच्या गॅदरिंगला. निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापलेलं असलं तरी तो शब्द कुणाच्याच तोंडात नव्हता. गॅदरिंग जानेवारीत, आणि नाच बसवायला सुरुवात नाताळाच्या आधीपासून. शेवटचे दोन तास सुटायचे. चार वर्गांतली बाकं अंगणात आणून जोडायची, वर फळ्या, फळ्यांवर तरट, की झालं स्टेज. फोकसवर लाल आणि निळा जिलेटिन कागद लावायचं काम दहावीच्या मुलांकडं. मी उंच, म्हणून कायम मागच्या रांगेत. पाचवीला कोळीगीत, सहावीला शेतकरी नृत्य, सातवीला पुन्हा कोळीगीत, सगळी मागच्या रांगेतून. आई बघायला यायची आणि घरी गेल्यावर म्हणायची, तुझे केस दिसले गं.

नववीत, म्हणजे 1987 च्या गॅदरिंगला, आमच्या बाईंनी ‘सांगत्ये ऐका’मधली ‘बुगडी माझी सांडली गं’ ही लावणी बसवायला घेतली. बाई खरं तर शिवण शिकवायच्या, पण शाळेतले सगळे नाच त्याच बसवायच्या. कॅसेट मागं घ्यायची तर टेपची बॅटरी खर्च व्हायला नको म्हणून पेन्सिल घालून फिरवायच्या. गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल आणि आशाताईंचा आवाज इतक्यांदा ऐकला, की ढोलकी कुठं थांबणार ते पायांना आधी कळायचं.

पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हाला थांबवलं. सगळ्यांचे हात कानाच्या पाळीकडं गेले होते.

“बुगडी पाळीला असते होय गं?”

एकेकीजवळ येऊन त्यांनी आमच्या कानाच्या वरच्या कडेला बोटानं टिचकी मारली. बुगडी इथं असते. सांडली तर हात इथं जाणार. ज्या दागिन्यासाठी एवढं गाणं आहे, तो कुठं घालतात ते माहीत नसेल तर नाचून काय उपयोग? मग त्यांनी घरून आपल्या आजीची बुगडी आणली, छोटी, मोत्यांची, आणि ती आम्ही हातात घेऊन पाहिली. मागची रांगसुद्धा.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्यावर आलं. सगळ्यांचा हात उजवीकडं आणि माझा डावीकडं. बाईंनी दोनदा सांगितलं, दोनदा मी सुधारलं, आणि गाणं पुढं गेलं की हात पुन्हा आपला डावीकडं. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, नाचातून काढणार. मी रडत रडत सांगितलं, की मी हा पिक्चर पडद्याच्या मागून पाहिलाय.

बाई हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या, मला शेजारी बसवलं, आणि जयश्री गडकरांविषयी बोलायला लागल्या. माझ्या पायात घुंगरं बांधत बोलत होत्या ते आठवतं. चामड्याच्या पट्ट्यावरची, एका पायात पन्नास.

जयश्रीबाई मूळच्या कारवारकडच्या, 1942 सालचा जन्म. घरची बोली कोकणी. वाढल्या मुंबईत. लहानपणापासून नाच शिकलेल्या आणि पडद्यावर आल्या त्याही नाचातूनच. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ 1955 साली आला. त्यात नाचणारी नायिका संध्या, आणि तिच्याबरोबरच्या समूहनृत्यातल्या पोरींमध्ये जयश्री. “तुझ्याएवढी,” बाई म्हणाल्या, “आणि तुझ्यासारखीच, घोळक्यातली.” माझे हुंदके थांबले ते या वाक्याला. नंतर 1956 ला ‘दिसतं तसं नसतं’मध्ये छोटंसं नाचाचं काम, त्याच वर्षी राजा परांजप्यांच्या ‘गाठ पडली ठका ठका’त नायिका, आणि 1959 ला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. पुण्यात विजयानंद टॉकीजला हा पिक्चर 131 आठवडे चालला. अडीच वर्षं! त्या काळात लग्न झालेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन परत गेली तरी थिएटरवर पोस्टर तेच, असं बाई सांगायच्या.

मला आजही त्या चित्रपटातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आईच्या भूमिकेत हंसा वाडकर आणि मुलीच्या भूमिकेत जयश्री गडकर. हंसाबाई 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून लोकांच्या मनात बसलेल्या. तमाशापटाची एक पिढी आणि तिची पुढची पिढी एकाच कथेत मायलेकी होऊन उभी आहे. आधीचीचा तोरा पुढचीनं आपल्या अंगानं घेतला आणि त्यात आपली निरागस धिटाई घातली.

नाचणाऱ्या नटीला चेहऱ्यानं काम करता येत नाही असं काही लोक म्हणतात. त्यांनी ‘मानिनी’ बघावा. 1961 चा. नाहीतर 1965 चा, आमच्या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ बघावा. लोहाराची बायको. ‘ऐरणीच्या देवा’ म्हणताना त्यांच्या पायात घुंगरं नाहीत, अंगावर दागिना नाही, तरी शरीराची लय सुटलेली नाही. साधं वळून बघायचं तरी त्या आधी खांदा फिरवायच्या आणि मग मान. हे नाचणाऱ्या बाईचं वळणं आहे. ‘वैजयंता’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘सवाल माझा ऐका’ या सगळ्यांत ते ओळखू येतं. आणि बोलणं अस्सल घाटावरचं. घरी कोकणी बोलणारी मुलगी आहे यावर आमच्याकडच्या बायकांचा विश्वास बसायचा नाही.

त्या वर्षीचा नाच सुखासुखी झाला नाही. शाळेत लावणी म्हटल्यावर काही पालक हेडसरांकडं गेले. चांगल्या घरच्या मुली, स्टेजवर असलं काही नको, कोळीगीत करा. गॅदरिंगला आठ दिवस राहिले असताना आम्हाला सांगण्यात आलं की नाच रद्द. त्या दिवशी बाई वर्गात काही बोलल्या नाहीत, मशीनवर पाय मारत बसल्या. काय झालं, कोण कुणाशी बोललं, ते आम्हा मुलींना कधी कळलं नाही. पण दोन दिवसांनी नाच परत आला, कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी, बक्षीस समारंभानंतर. आयांच्या नऊवारी आमच्या अंगाला मोठ्या व्हायच्या, म्हणून बाईंनी एकेकीला दोन दोन पदरी दुमडून, काष्ट्याला आतून टाके घालून नेसवलं. पिन एकही लावली नाही. नाचताना पिन टोचली की चेहऱ्यावर दिसतं, म्हणाल्या. आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा निम्मी माणसं उठून गेली होती. जी थांबली, त्यांनी वन्समोअर घेतला.

आणि त्याच महिन्यात, 25 जानेवारीच्या रविवारी, टीव्हीवर रामायण सुरू झालं. गल्लीत दोन टीव्ही. आमच्या शेजारच्या घरात पन्नासएक माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, टीव्हीला हार. कौसल्या पडद्यावर आली आणि मी ओरडले, “बुगडीवाली!” सगळ्यांनी मला गप्प केलं. पण आईनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, “व्हय की गं. जयश्रीच हाय.” दशरथाच्या भूमिकेत बाळ धुरी, त्यांचे खरोखरचे यजमान, हेही त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं. नाचाला विरोध करणाऱ्यांतल्या एक काकू तिथंच पुढं बसल्या होत्या. रामाला वनवासाला जायची वेळ आली त्या रविवारी कौसल्येच्या रडण्यानं त्यांचा पदर भिजला. पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या आधी त्याच काकूंनी आपल्या पेटीतली हिरवी इरकली आमच्या घरी आणून दिली, “नाचाला पोरीला नेसवा” म्हणून. मला त्यांचा कधीच राग आला नाही, आणि त्या साडीचा काठ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

माझ्या उलट्या हातांचं बाईंनी काय केलं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी मला पाचवीच्या मुलींसमोर उभं केलं, मुलींकडं तोंड करून. “तुझा डावा तो त्यांचा उजवा. तू आरसा हो.” समोर उभं राहून शिकवणाऱ्याला सगळं उलटं करावं लागतं, आणि भल्याभल्यांचा तिथं गोंधळ होतो. मला ते आपोआप येत होतं. दहावी होईपर्यंत लहान वर्गांचे नाच मी बसवले. स्टेजच्या कडेला, पडद्याआड, मुलींना दिसेल अशी उभी राहून सगळा नाच उलटा करायची. नुसत्या हातानं, पायाचा आवाज न करता.

लग्नानंतर पुण्यात आले. सोसायटीच्या मंडळात दरवर्षी गणपतीत मुलींचा एक नाच माझ्याकडं असतो. 2008 साली गणपती 3 सप्टेंबरला होते. 29 ऑगस्टला संध्याकाळी पार्किंगमध्ये मुली जमल्या होत्या आणि एकीच्या आईनं सांगितलं, जयश्री गडकर गेल्या. नायिका, आई, सासू, पुढं स्वतः दिग्दर्शिका. सुमारे अडीचशे चित्रपटांचं आयुष्य. मुलींना नाव माहीत नव्हतं. मी त्यांना खाली बसवलं आणि घोळक्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, जशी पायरीवर बसून मला सांगितली होती तशीच. त्या वर्षी एका नव्या हिंदी गाण्यावर नाच ठरला होता, चार दिवसांची तालीमही झाली होती. मुलींनीच विचारलं, बदलायचं का?

कॅसेट नव्हती, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं मिळालं. ढोलकी सुरू झाली. अकरा मुली, अकरा हात कानाच्या पाळीकडं गेले. मी गाणं थांबवलं, एकेकीजवळ जाऊन कानाच्या वरच्या कडेला टिचकी मारली, आणि पुन्हा त्यांच्या समोर येऊन डावा हात उचलला.