हजारात तीन की शंभरात तीन?

आईच्या पित्ताशयात खडे. दोन महिन्यांत दोनदा कळा येऊन रात्र जागून काढली, तेव्हा दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. ॲडमिट केलं त्या दुपारी सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, नव्व्याण्णव टक्के सेफ." आई निवांत झोपली.

रात्री निवासी डॉक्टर सह्या घ्यायला आला. संमतीपत्र इंग्रजीत. मी विचारलं, वाईटात वाईट काय? "पित्तनलिकेला इजा. तीन टक्के." आईचं पेन हवेतच थांबलं. मी हजारात तीन ते पाच असं वाचलं होतं. तसं म्हटल्यावर त्याने फोनमध्ये पाहिलं. "हो, पॉइंट तीन ते पॉइंट पाच. तेच ते." तेच ते कसं? दहापट फरक! पण बिचारा सकाळपासून उभा होता.

गंमत पुढेच आहे. 'हजारात पाच' ऐकून आई जास्त घाबरली. नव्व्याण्णव टक्के सेफ म्हणजे हजारात दहा जणांना काहीतरी होणार, हे तिच्या (आणि खरं तर माझ्याही) ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी बाबांनी सूत्रं हाती घेतली. एसटीत कंडक्टर होते ते. "गाडीला पन्नास सीट धर. वीस गाड्या खच्चून भरल्या, त्यातली तीन ते पाच माणसं." आईला पटलं. लगेच पुढचा प्रश्न: "आणि दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडावं लागलं तर?" ते शंभरात साधारण पाच जणांचं. "म्हणजे दोनच गाड्यांत पाच! हे आधी नाही का सांगायचं?"

सकाळी मी सर्जनना गाठलं. ऑपरेशन नाही केलं तर काय, हेही रुग्णाला सांगायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात म्हटलंय. ते त्यांनी नीट सांगितलं: खडा नलिकेत अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज. मग मी धीर करून विचारलं, "सर, तुमच्या हातून नलिकेला इजा कितीदा झाली?"

"दोनदा."

"किती ऑपरेशनांत?"

ते हसले. "मोजली नाहीत हो."

प्रामाणिक उत्तर, राग आला नाही. पण छेदाशिवाय नुसता अंश घेऊन मी काय करणार होतो?

ऑपरेशन पाऊण तासात, दुर्बिणीतूनच झालं. संध्याकाळी खडे डबीत घालून हातात दिले. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'मल्टिपल' एवढंच लिहिलेलं. बाबांनी ते कागदावर ओतून मोजले. चौदा.